ठिपक्याकडे बघा

भात पिवळं पडलं की माझे डोळे दुखायला लागतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, थेंब लिहून दिले आणि 'वय झालं आता' एवढं सांगून घरी पाठवलं. पण लोणावळ्याहून लोकल निघते, कामशेत मागं पडतं, रुळांच्या दोन्ही अंगांना ती वाकलेली, कापायला आलेली शेतं सुरू होतात आणि पापण्यांच्या मागं काहीतरी जड होऊन बसतं. मग मी खिडकीकडे पाठ करून बसते. समोरच्या बाईच्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत असते, तिच्याकडे बघत कान्ह्यापर्यंत जाते.

यंदाही तेच. दिवाळी तोंडावर आली, हवेत सकाळचा गारवा आला, इंद्रायणी भाताच्या शेतांवरून तो ओलसर गोड वास डब्यात शिरला आणि मला टाकव्याची ती एक कापणी आठवली. आठवली म्हणजे काय, ती कुठं गेलेलीच नव्हती.

माझं कामच बघण्याचं आहे. खरं म्हणजे दुसऱ्याला बघायला लावण्याचं. ज्यांचे हातपाय गेले, वाचा गेली, अशा माणसांना आमची संस्था एक चष्मा देते. त्याला काचा नसतात. फ्रेमच्या खालच्या कडेला मुगाच्या डाळीएवढे कॅमेरे असतात, ते डोळ्यांच्या बाहुल्या टिपतात. नाकाच्या वर आणखी एक कॅमेरा, तो बाहेर बघतो, म्हणजे माणसाच्या समोर जे असेल ते त्यात दिसतं. माणूस समोरच्या पडद्यावरच्या एखाद्या अक्षराकडे जरा वेळ बघत राहिला की ते अक्षर उमटतं. असं करत करत 'पाणी' होतं, 'पाठ दुखते' होतं. माझ्या लॅपटॉपवर मला एक लाल गोल दिसतो. माणसाची नजर जिथं असेल तिथं तो गोल.

ऐकायला जादू वाटते. जादू वगैरे काही नाही, हमाली आहे. आधी चष्म्याला त्या माणसाचे डोळे शिकवावे लागतात. पडद्यावर एक ठिपका येतो, त्याच्याकडे टक लावून बघायचं, तो बारीक होत विझतो, मग दुसरीकडे उगवतो. चारी कोपरे, कडा, मधला भाग. सगळे नीट झाले तर चष्म्याला कळतं, बाहुली इथं असली म्हणजे नजर तिथं आहे. आणि मग चष्मा घसरतो. घाम येतो, उशी सरकते, कोणीतरी मायेनं कपाळ पुसतं, की झालं, परत एकदा. आम्ही ह्याला कॅलिब्रेशन म्हणतो. मी दिवसातून इतक्या वेळा 'ठिपक्याकडे बघा' म्हणते की एकदा घरी भाजीवाल्यालाही म्हणाले होते.

आणि माणसाला टक लावून बघता येत नाही, हे ह्या धंद्यात पडल्यावर कळलं. डोळे म्हणजे खोडकर वासरू; दावं सैल झालं की पळालंच. कोणी दाराकडे बघतं, कोणी बायकोच्या हातांकडे, वडगावचे एक मास्तर आहेत ते भिंतीवरच्या घड्याळाकडे. लाल गोल मला सगळं सांगतो. कित्येकदा वाटतं, आपल्याला हे दिसायला नको होतं.

तर टाकवं. कान्ह्याला उतरायचं, फाट्यावर जीप भरेपर्यंत वाट बघायची, मग मांडीवर ती चष्म्याची पेटी घेऊन कोंबल्यासारखं जायचं. शालनताईंचं घर गावाच्या वरच्या अंगाला, स्लॅबचं, पुढच्या खोलीत खिडकीशी लोखंडी पलंग. मोटर न्यूरॉनचा आजार. ह्यात हातापायांची ताकद जाते, मग जीभ जाते, मग गिळणं जातं. डोळे मात्र बहुतेकांचे शेवटपर्यंत हलतात. शालनताईंचं वय माझ्याहून थोडं कमीच. नवरा दत्ताभाऊ, शेती सांभाळून कारखान्यात पाळी करणारे. मुलगी सोनाली, वडगावला कॉलेजात. आणि सासरे, आबा.

सोनालीनं आम्हाला बोलावलं होतं, कारण एक गोष्ट ठरायची होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गिळणं आता जातच चाललंय, घास श्वासनलिकेत गेला तर निभावणार नाही. पोटाला छेद देऊन नळी बसवायची, अन्न थेट आत. छातीत जोर आहे तोवरच ते करता येतं. कापणी उरकली की काय ते सांगा. दत्ताभाऊंना बायको हवी होती, बास, कशीही. शालनताईंचा पवनानगरचा भाऊ म्हणत होता, उगा हाल कशाला. आणि आबांनी एका वाक्यात विषय मिटवला होता. जित्या माणसाला उपाशी ठिवायचं न्हाई ह्या घरात. आबा बोलले म्हणजे ठरलं, त्या घरात तशीच रीत होती.

एवढ्या सगळ्यात जिच्या पोटाला भोक पाडायचं तिला कोणी विचारलं नव्हतं. म्हणजे विचारलं होतं, 'व्हय असंल तर डोळं मिट' असं. त्यांनी मिटले. मग भावानं उलटं विचारलं, नळी नको ना, तर तेव्हाही मिटले. दमलेला माणूस डोळे मिटणारच की! सोनाली मला म्हणाली, "मॅडम, आईला एकदा तिच्या तोंडानं बोलू द्या. मग काय बी होऊ द्या." तोंडानं म्हणाली ती. मी मान हलवली आणि पेटी उघडली.

आमच्या संस्थेत आणून केलेल्या चाचणीत शालनताई हुशार निघाल्या होत्या. एका फेरीत सगळे ठिपके! सोनाली त्याला रांगोळी म्हणाली होती, आणि आईनं पहिला शब्द 'सोने' असा लिहिला होता. 'सोनाली'तलं पुढचं लिहायला दम नव्हता, की लाडाचं नावच ते, कोण जाणे. त्यामुळे मला वाटलं होतं, टाकव्याला दोन फेऱ्यांत काम होईल.

दोन फेऱ्यांत काही झालं नाही, चारांत नाही. ठिपका वर गेला की लाल गोल गायब. मधे असला तरी गोल थरथरायचा, खाली घसरायचा. कॅमेऱ्यात बाहुलीच दिसायची नाही, नुसत्या पापण्यांचे केस. मी पहिल्यांदा उन्हाला धरलं. आश्विनाचं ऊन तिरपं, थेट पलंगावर यायचं, आणि ऊन कॅमेऱ्यांना आंधळं करतं हे खरंच आहे. खिडकीला गोणपाट बांधलं, वरून चादर. खोलीत भरदुपारी दिवा लावायची वेळ आली. गोल तरी जागेवर येईना.

मग लक्ष्मीपूजन झालं. दुसऱ्या दिवशी गेले तर चष्मा पडदाच ओळखेना. पडद्याच्या चारी कोपऱ्यांना आम्ही काळ्यापांढऱ्या चौकटींचे कागद चिकटवतो, त्यावरून चष्म्याला पडदा कुठाय ते कळतं. आबांनी घरातल्या यंत्रांची पूजा केली होती, मोटारसायकल, पाण्याचा पंप आणि तिथंच ठेवलेला आमचा पडदा. चारी कागदांवर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं, मधोमध एक झेंडूचं फूल. मला हसावं की रडावं कळेना. सोनालीनं कागद पुसले, कुंकू आणखी पसरलं, मी नवे कागद लावले. परत एकदा.

त्या दिवसांचा थकवा कसा सांगू? तो अंगाचा नव्हता. बाहेर सगळं गाव कापणीवर. विळ्यांचा आवाज, भारे वाहणाऱ्यांच्या हाका, झोडणीची धूळ उडून दारापर्यंत यायची, घसा खवखवायचा. घरात कोणी नसायचं, कारण कापणीत ज्याला विळा धरता येतो तो शेतावर. मी जायचे त्या वेळी सोनाली थांबायची, एरवी मागं राहायचे ते आबा. त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून अंगणातलं वाळत घातलेलं भात आणि घरातली सून अशी दोन राखणं त्यांच्याकडे. दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे, कोंबड्यांना 'हाड' करायचे. सीताफळाचे दिवस होते. एक एक बी बोटांनी काढून गर वाटीत जमवायचे, पण वाटी सुनेच्या हातात, म्हणजे तोंडाशी, कधी नाही न्यायचे. खिडकीच्या कठड्यावर ठेवायचे आणि बाहेर जायचे. मग सोनाली भरवायची. त्या माणसाला सुनेची माया होती, ह्यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

संध्याकाळी मी लोणावळ्यात उतरायचे तेव्हा स्टेशनबाहेर चिक्कीच्या पिशव्या घेतलेली माणसं फोटो काढत असायची, गाड्यांची रांग पार बाजारापर्यंत. सगळ्यांना काहीतरी बघायचं असायचं, हा पॉइंट, तो पॉइंट. मला काहीच बघायचं नसायचं. घरी जाऊन डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवून पडायचे आणि मिटल्या डोळ्यांपुढं ठिपका उगवायचा, वरच्या कोपऱ्यात.

शेवटी मी ते म्हणाले, जे म्हणायचं टाळत होते. म्हटलं, पापण्या गळत असाव्यात. आजार डोळ्यांकडे सरकला असेल. क्वचित होतं तसं. डॉक्टरांना फोन केला, तेही म्हणाले, शक्य आहे. दत्ताभाऊ विळा उचलून परत शेतावर गेले. सोनाली मात्र आईच्या पायाशी बसून राहिली. शालनताईंना ऐकू सगळं येत होतं. आपल्याबद्दल आपल्यासमोर असं बोललं जाताना त्या काय करत असतील? मी कॅमेऱ्यात बघितलं, नुसते केस.

शालनताई पुढच्या आषाढात गेल्या. हे आत्ताच सांगून टाकते, लपवून ठेवण्याइतकं त्राण माझ्यात नाही. घरीच गेल्या, माणसांत गेल्या.

पण त्याआधी मळणी संपल्याचा दिवस आला. खळ्यावर भाताची रास पडली की तिला नारळ फोडायचा तो घरातल्या वडीलधाऱ्यानं. आबांना मोटारसायकलवर मधे बसवून नेलं. घरात आम्ही तिघीच, सोनाली, शालनताई आणि मी. खरं तर मी सगळं सामान परत न्यायलाच आले होते. दुसरा पेशंट वाट बघत होता. सोनाली म्हणाली, येवढी एक रांगोळी, मॅडम. मी चष्मा चढवला. 'ठिपक्याकडे बघा' हे म्हणायचंही जिवावर आलं होतं.

आणि त्यांनी बघितलं. वरचा डावा कोपरा, वरची कड, उजवा कोपरा. बाहुल्या अशा स्वच्छ, काळ्याभोर, करवंदासारख्या. सगळे ठिपके एका दमात! पापण्या गळत नव्हत्या, काही नव्हतं. मी ते शिकवणं घाईघाईनं साठवून ठेवलं आणि अक्षरं लावली. लाल गोल अक्षरांवरून फिरला, थांबला, फिरला. शालनताईंनी लिहिलं, 'खिडकी उघड.'

इतके दिवस मी त्यांना अंधारात ठेवलं होतं आणि बाहेर त्यांच्या घरची कापणी चालली होती. सोनालीनं चादर ओढून काढली, गोणपाट काढलं. ऊन सरकून गेलेलं होतं. कापलेली शेतं दिसत होती. लाल गोल त्यांवरून सावकाश हिंडत राहिला, बांधावरून, पेंढ्याच्या गंजीवरून, पुन्हा बांधावरून. मी त्यांना पडद्याकडे परत बोलावलं नाही.

तेवढ्यात अंगणात कोणीतरी खाकरलं. आबा परत आले होते. जुनी माणसं दारात शिरायच्या आधी खाकरतात, आतल्या बायकांनी पदर सावरावा म्हणून. आबा अजून पायरीवरही नव्हते आणि माझ्या लॅपटॉपवरचा लाल गोल खाली घसरला, पलंगाच्या कडेशी गेला आणि विझला. कॅमेऱ्यात पापण्यांचे केस.

मी सोनालीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "आई आबांम्होरं कवाच वर बघत न्हाई, मॅडम. माझ्या डोक्यातच आलं न्हाई."

कसं येणार? लहानपणापासून जे रोज बघितलं ते दिसत नाही. आणि मला तरी कसं आलं नाही? मीही सून होते. लग्न होऊन लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले तेव्हा सासरे घरात आले की मी ओल्या हातांनी उठून उभी राहायचे. त्यांच्या डोळ्यांचा रंग मला आजही सांगता येणार नाही, त्यांच्या पायाच्या अंगठ्याचं नख मात्र कुठंही ओळखेन. बायकांनी घरं अशीच बघितली, खालच्या अर्ध्यातून. शालनताईंना पदर ओढता येत नव्हता, उठून उभं राहता येत नव्हतं, वाकता येत नव्हतं. मोठ्यांचा आदर करायला त्यांच्याकडे डोळे तेवढे उरले होते. त्यांनी ते इमानानं खाली ठेवले. माझं यंत्र त्याला बिघाड म्हणालं आणि मी आजार म्हणाले.

उपाय सोपा वाटला. नळीचं उत्तर सगळ्यांसमोर यायला हवं होतं, नुसत्या आमच्या सांगण्यावर कोणी काही ठरवलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंगणात कोंबड्यांमागं होते तेव्हा मी शालनताईंना विचारलं, विचारायच्या वेळी आबांना बाहेर बसवू का? त्यांनी लिहिलं, 'असू दे त्यांना.' आता ह्याचा अर्थ काय लावायचा? दत्ताभाऊंना विचारलं तर ते कानकोंडे झाले. म्हणाले, आबांना उठवून घरातलं कसं ठरवायचं, मॅडम, तसं न्हाई होत. मला वाटलं, मग झालंच. बाई वर बघणार नाही, नळी बसणार. इतक्या खेपा घातल्या त्या कशासाठी, असा राग आला, आणि राग करायलाही बळ लागतं, तेही नव्हतं.

रविवारी सकाळी सगळे बसले. पवनानगरचा भाऊ आला होता. पलंगाच्या पायथ्याशी पडदा, त्याच्याशेजारी आबा खुर्चीत, डोक्याला पांढरी टोपी, हात काठीवर. चष्मा त्या दिवशीच्याच जागी नेमका बसवून मी साठवलेलं शिकवणं लावलं, म्हणजे नव्यानं ठिपके दाखवायची गरज नव्हती. शालनताईंनी नुसतं वर बघायला हवं होतं. दत्ताभाऊंनी विचारलं, शालन, नळी बसवायची का? लॅपटॉपवर गोल नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पापण्यांचे केस. भाऊ म्हणाला, राहू द्या मॅडम, दमलीय ती. दत्ताभाऊ म्हणाले, आबा म्हणत्यात तसंच करू. आबांनी काठी जरा आपटली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जित्या माणसाला उपाशी ठिवायचं न्हाई.

मी चष्मा काढायला पुढं झाले. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

तेव्हा गोल उगवला. पलंगाच्या कडेशी, मग आबांच्या पायांशी. तिथं बराच वेळ थांबला. मग धोतराच्या निऱ्यांवरून वर, काठीवरच्या हातांवर, गळ्याशी. मी हात मागं घेतला. गोल आबांच्या तोंडावर गेला आणि तिथं ठरला. इतका स्थिर गोल मी कधी बघितलेला नव्हता. ठिपक्यांवरही माणसं अशी बघत नाहीत.

आबांना आधी कळलं नाही. माझा लॅपटॉप त्यांच्या बाजूला होता, त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं आणि त्यावर तो लाल गोल. त्यांनी मला विचारलं, ह्ये काय? मी म्हटलं, शालनताई तुमच्याकडे बघतायत, आबा. त्यांनी लॅपटॉपवरून नजर काढली आणि पलंगाकडे बघितलं. सून घरात आल्यापासून पहिल्यांदा दोघांची नजर समोरासमोर झाली.

मग गोल पडद्यावर आला. अक्षरं एकेक करून उमटायला लागली, मधे दम खात, एकदा चुकून पुसून. सोनालीनं मोठ्यानं वाचलं. 'नळी नको. तोंडानं जाईल तेवढं जाईल.' दत्ताभाऊ भिंतीकडे वळले. पडद्यावर आणखी दोन शब्द आले, 'आबा, ऐका.'

आबांचे ओठ हलले. ते वाक्य पुन्हा म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"बरं, पोरी," म्हणाले.

आणि त्यांनी नजर खाली घातली, काठीच्या टोकाशी, फरशीवर. लाल गोल त्यांच्या तोंडावर परत गेला होता. शालनताई बघतच होत्या.